पिल्लू एकाच बाजूला गोल गोल फिरतंय? एमआरआयला धावायच्या आधी हे करा

चिकू घरी आला तेव्हा ब्रीडर म्हणाला साठ दिवसांचा आहे. डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, अहो हा धड सहा आठवड्यांचाही नसेल. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण मला तेव्हा असे काही नियम आहेत हेच माहीत नव्हतं, आणि माहीत असते तरी तो तळहाताएवढा जीव मी परत दिला असता का, तर नाही.

तीन महिन्यांचा झाला तसं लक्षात यायला लागलं की हा फिरतो तर डावीकडेच फिरतो. हॉलमध्ये सेंटर टेबलभोवती घाण्याच्या बैलासारखा. वॉशिंग मशीनच्या मागे शिरला की बाहेर यायचं कसं हे त्याला कळायचं नाही, तिथेच भिंतीला डोकं लावून उभा. शी-शू शिकवून शिकवून आम्ही दमलो. पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियमचं सिरप दिलं, आई म्हणाली दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. मी दोन्ही केलं, खोटं कशाला बोलू. शेवटी निघालं ते डोक्यातलं पाणी, हायड्रोसेफॅलस, आणि तेही जन्मापासूनचं. त्या चार महिन्यांत मी बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमाने केल्या, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी एक साधी कुत्रेवाली बाई आहे, तेव्हा डोस वगैरे मला विचारू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. एमआरआय हे शेवटचं पाऊल आहे, पहिलं नाही. त्याच्या आधी तुमचा मोबाईल, एक वही आणि दोन-तीन साध्या रक्ताच्या टेस्ट एवढ्यावर बरंच काम होतं, आणि हे न करता थेट मशीनमध्ये घातलं तर रिपोर्टमध्ये काहीतरी मोठं नाव येतं आणि खरा आजार भलताच असू शकतो.

जन्मजात म्हणजे नेमकं काय बिघडतं

कुत्रीचा गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. एवढ्या दिवसांत मेंदू घडतो, आणि त्यात कुठेतरी काहीतरी कमी-जास्त होतं. कधी ते आनुवंशिक असतं, कधी आईला झालेलं इन्फेक्शन, कधी गाभण असताना दिलेलं औषध. नायट्यावरचं ग्रिसिओफल्विन गाभण कुत्री-मांजरीला देत नाहीत ते याच कारणाने. बऱ्याचदा कारण कळतही नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येतो तो हायड्रोसेफॅलस. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, तिथे पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो, एकातून दुसऱ्या पोकळीत जातो, मग बाहेर मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या भोवती फिरून रक्तात शोषला जातो. आमच्या सोसायटीत टाकीचा पंप चालू राहिला आणि खाली जाणारा पाइप चोकअप झाला तर जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे टाकी भोवती सिमेंट नाही, मऊ मेंदू आहे, तो पातळ होत जातो. चिहुआहुआ, पॉमेरेनियन, मॉल्टीज, यॉर्की, पग, ल्हासा, बुलडॉग, म्हणजे लहान चणीची आणि चपट्या नाकाची बरीच मंडळी या यादीत आहेत. आता आपल्याकडच्या कुठल्याही टॉवरच्या लिफ्टमध्ये उभं राहून बघा कोणती कुत्री दिसतात ते.

दुसरा प्रकार लहान मेंदूचा, म्हणजे सेरेबेलमचा. तो नीट वाढलाच नाही तर पिल्लू चालायला लागल्यापासूनच, म्हणजे तीन-चार आठवड्यांपासूनच, पाय फेंगडे टाकून उभं राहतं, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून आपटतं, आणि भांड्याकडे तोंड नेलं की डोकं जास्त थरथरायला लागतं. ताकद मात्र असते आणि डोकं ठिकाणावर असतं, ओळखतं, खेळतं, भुंकतं. इथे बघायचं ते एवढंच की हे वाढतंय का. जन्मजात कमी वाढलेलं असेल तर ते साधारण तसंच राहतं, उलट पिल्लू हळूहळू ऍडजस्ट करायला शिकतं. दर महिन्याला बिघडत चाललं असेल तर ते वेगळं प्रकरण, त्यात पेशी नंतर मरत जातात.

तिसरा प्रकार कवटीचाच. मागचा भाग लहान पडतो, लहान मेंदू मागच्या भोकातून खाली दाबला जातो आणि मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. माणसांमध्ये हान्स कियारी या डॉक्टरने १८९१ मध्ये असं वर्णन केलं होतं म्हणून कुत्र्यांमध्ये त्याला कियारी-लाइक म्हणतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिअल हे त्याचं सगळ्यात बदनाम नाव. इतकं की ब्रिटनमध्ये २०१२ पासून ब्रीडिंगच्या आधी एमआरआय करून ग्रेड द्यायची स्कीमच आहे. याचं लक्षण फसवं असतं, कुत्रा मानेजवळ हवेत खाजवतो, पाय अंगाला लागतच नाही, आणि छातीखाली हात घालून उचललं की किंचाळतो. लोक महिनोन्महिने स्किनची औषधं, मेडिकेटेड शाम्पू, कानाचे ड्रॉप्स करत बसतात. हे दिसायला बऱ्याचदा सहा महिने ते दोन-तीन वर्षं वय होतं, त्यामुळे जन्मजात म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही.

बाकी दोन लक्षात ठेवण्यासारखे. ल्हासा अप्सोमध्ये मेंदूवरच्या वळ्या न पडता तो गुळगुळीत राहण्याचा एक दुर्मिळ प्रकार आहे, अशा पिल्लाला शिकवलेलं काही लक्षात राहत नाही, नजर कमी वाटते आणि वर्षाच्या आसपास फिट्स सुरू होतात. आणि मिनिएचर श्नाउझरमध्ये मेंदूचा मधला भाग नीट न घडल्यामुळे तहानच न लागणं. पिल्लू पाणीच पीत नाही, रक्तातलं सोडियम वर जातं, मग ग्लानी. तिथे रक्तातले क्षार मोजणाऱ्या साध्या इलेक्ट्रोलाइट टेस्टनेच पहिला धागा सापडतो.

आजपासूनच: व्हिडिओ आणि वही

क्लिनिकमध्ये गेल्यावर कुत्रा एकदम शहाण्यासारखा वागतो हा माझाच नाही सगळ्यांचाच अनुभव. टेबलावर ठेवलं की घाबरून गप्प. म्हणून व्हिडिओ लागतात, आणि ते नीट काढलेले लागतात. आपल्या घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर काढू नका, त्यावर धडधाकट कुत्राही घसरतो आणि डॉक्टरला कळत नाही की हा लटपटतोय की फरशी गुळगुळीत आहे. योगा मॅट अंथरा, पॅसेजमधलं पायपुसणं अंथरा, काहीही. मोबाईल आडवा, जमिनीच्या लेव्हलला, एक समोरून, एक मागून, एक बाजूने, प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. एक खातानाचा, एक जिना किंवा उंबरा ओलांडतानाचा. एक झोपेतला, कारण डिस्टेंपरमध्ये (हा व्हायरसचा आजार, खाली येईल) येणारं स्नायूंचं उडणं झोपेतही चालू राहतं. आणि वरती गाणं लावू नका, स्टेटसला टाकायचा वेगळा काढा.

नजरेसाठी कापसाचा बोळा. एकाने पिल्लाला समोर धरायचं, दुसऱ्याने बाजूने वरून बोळा सोडायचा, आवाज होत नाही म्हणून बोळा. डोळे त्याच्यामागे जातात का बघा, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं. चिकू उजवीकडून पडलेल्या बोळ्याकडे बघतच नव्हता. खुर्च्यांना धडकायचा ते पण उजव्याच बाजूने, आणि हे मला बोळ्याच्या दिवशी पहिल्यांदा कळलं, त्याआधी मी त्याला वेंधळा म्हणायचे. डोळ्यापाशी एकदम हात आणला की पापणी मिटणं हे मात्र पिल्लांमध्ये साधारण दहा-बारा आठवड्यांपर्यंत येतच नाही, तेव्हा लहान पिल्लाने डोळा मिटला नाही म्हणून आंधळं आहे असं ठरवून रडत बसू नका.

वहीत काय लिहायचं. तारीख, वेळ, काय झालं, किती सेकंद, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर किती वेळ भांबावलेला होता. आणि ठळक अक्षरात, जेवणानंतर किती वेळाने. हा रकाना का ते खाली येईल, पण तो एक रकाना बाकी सगळ्या वहीपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो. दर रविवारी वजनही लिहा.

जमलं तर ब्रीडरकडून किंवा ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याकडून एवढं विचारून घ्या: भावंडं किती होती, कोणी मेलं का, आईला गाभण असताना काही औषध किंवा लस दिली का, आई-बाप एकमेकांचे नात्यातले आहेत का. उत्तर मिळेलच असं नाही. तरी विचारा.

फिट आली तर. पहिलं काम घड्याळ बघायचं. जिना, गॅलरी, बेडची कडा यापासून लांब घ्या, दिवे कमी, टीव्ही बंद. तोंडात चमचा नको, हात तर नकोच, पाणी पाजू नका. आणि कृपा करून चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. माझ्या मावशीने आमच्या घरात हे खरंच केलं होतं, फिट दीड मिनिटात आपोआप थांबली आणि श्रेय चपलेला गेलं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा २४ तासांत दोन-तीन आल्या, तर ती इमर्जन्सी, रात्रीचे तीन वाजले असले तरी. म्हणून रात्री उघडं असणारं क्लिनिक कोणतं आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तिथे पोचायला खरंच किती वेळ लागतो हे दिवसाच एकदा बघून ठेवा, आणि घरी ठेवायचं इमर्जन्सीचं औषध देता येईल का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

वाटतं मेंदूचं, असतं दुसरंच

हा भाग मी स्वतः टाळला होता आणि नंतर पस्तावले, म्हणून जरा सविस्तर.

शुगर कमी होणं. टॉय ब्रीडचं छोटं पिल्लू सकाळी उपाशी राहिलं तरी शुगर घसरते, लटपटतं, आडवं पडतं, फिटही येते. ग्लुकोमीटरवर दोन मिनिटांत कळतं. ६० च्या खाली म्हणजे कमी. पिल्लू शुद्धीत असेल तर हिरड्यांना थोडा मध चोळून निघा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका.

लिव्हर शंट. हेसुद्धा जन्मजातच, पण बिघाड मेंदूत नाही, लिव्हरला बायपास करून जाणाऱ्या रक्तवाहिनीत. आतड्यातलं अमोनियासारखं विष लिव्हरमध्ये साफ न होता थेट मेंदूपर्यंत जातं, आणि जेवल्यावर, खास करून प्रोटीनचं जेवण झाल्यावर, तासा-दोन तासांत पिल्लू भिंतीकडे बघत बसतं, गोल फिरतं, डोकं दाबतं, लाळ गाळतं. हुबेहूब मेंदूचा आजार. त्यासाठी तो वहीतला रकाना. बाइल ऍसिडची टेस्ट असते, एकदा उपाशीपोटी रक्त घेतात आणि एकदा जेवण दिल्यावर दोन तासांनी. यॉर्की, मॉल्टीज, श्नाउझर यांच्यात हे बऱ्यापैकी आढळतं, म्हणजे ज्या ब्रीडमध्ये हायड्रोसेफॅलसची शंका घेतो साधारण त्याच. आणि हे बऱ्याचदा ऑपरेशनने सुधारू शकतं, तेव्हा हे सुटलं तर फार वाईट. चिकूची ही टेस्ट नॉर्मल आली तेव्हा मला आनंद झाला होता आणि डॉक्टरांना नाही, तेव्हा कळलं नव्हतं का ते.

डिस्टेंपर. आपल्याकडे लस न झालेल्या पिल्लात झटके दिसले की हा पहिल्या तीनात हवाच. आधी डोळ्या-नाकातून घाण, ताप, जुलाब होऊन गेलेले असतात, कधी पंजाच्या गाद्या आणि नाक कडक होतात, मग काही आठवड्यांनी जबडा च्युइंगम चघळल्यासारखा हलायला लागतो. झटपट किट निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही, व्हायरस शोधणाऱ्या पीसीआर टेस्टबद्दल विचारा.

रेबीज. बोलायला नको वाटतं पण बोलायलाच हवं. लस न झालेलं पिल्लू, अंगावर चावल्याची खूण किंवा रस्त्यावरून उचललेलं, आणि अचानक वागणं बदललं, गिळता येत नाही, आवाज बदलला, तर तोंडात हात घालून काही अडकलंय का बघायचा शहाणपणा करू नका. आधी डॉक्टरांना फोन, आणि घरात कोणाला लाळ लागली किंवा ओरखडा असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी माणसांच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन लस.

याशिवाय मान एका बाजूला कलली असेल तर कानाच्या आतलं इन्फेक्शन, गोचिडांचा ताप, सोफ्यावरून पडून डोक्याला मार, उंदराचं औषध. कान तपासायला काही पैसे लागत नाहीत, तरी कित्येकदा तेच राहून जातं.

कियारीसारखे उशिरा दिसणारे प्रकार सोडले तर जन्मजातकडे झुकणारी मुख्य गोष्ट ही, की हे पहिल्यापासून आहे, किंवा चालायला लागल्यापासून आहे. काल संध्याकाळपर्यंत एकदम ठीक असलेलं दोन वर्षांचं कुत्रं आज गोल फिरायला लागलं तर आधी बाकीचं सगळं शोधायचं.

डॉक्टरांच्या टेबलावर

दुसऱ्या डॉक्टरांनी, मी आत गेल्या गेल्या, सुई काढायच्या आधी विचारलं, व्हिडिओ आहे का? तिथेच माझा जीव निम्मा भांड्यात पडला.

न्यूरोची, म्हणजे मेंदू आणि नसांची, तपासणी बघायला अगदी साधी वाटते. आधी नुसतं जमिनीवर सोडून बघतात. मग पंजा उलटा करून ठेवतात, नॉर्मल कुत्रा तो लगेच सरळ करतो, ज्याच्या मेंदूपर्यंत खबर पोचत नाही तो तसाच उभा राहतो. एका पायावर तोलून बाजूला सरकवतात. डोळ्यात बॅटरी मारून बाहुली बारीक होते का बघतात. इथे एक मजेशीर गोष्ट आहे, बाहुली बरोबर बारीक होते पण बोळा दिसत नाही, म्हणजे डोळा ठीक आणि पाहणारा मेंदू नाही. गोल फिरण्याची बाजू साधारणपणे ज्या बाजूच्या पुढच्या मेंदूत बिघाड ती असते, आणि नजर जाते ती मात्र उलट्या बाजूची. चिकू डावीकडे फिरायचा, उजवीकडचं दिसायचं नाही, उजवा पंजा उलटा ठेवला तर तसाच ठेवायचा. डॉक्टरांनी स्कॅनच्या आधीच कागदावर डाव्या बाजूला गोल काढून ठेवला होता.

डोक्याचा आकारही बघतात, घुमटासारखं कपाळ, खाली-बाहेर वळलेले डोळे. आणि टाळू. माणसाच्या बाळासारखीच पिल्लालाही टाळू असते आणि चिहुआहुआमध्ये ती कित्येकदा आयुष्यभर भरत नाही. आता नीट ऐका, टाळू उघडी आहे म्हणजे डोक्यात पाणी आहे असं नाही. पुष्कळ चिहुआहुआ उघड्या टाळूचे ठणठणीत म्हातारे होतात. आणि टाळू बंद आहे म्हणजे पाणी नाही असंही नाही. बोटाने दाबून बघायचा उद्योग घरी करू नका, कोणाला करूही देऊ नका, आमच्याकडे पाहुणे आले की प्रत्येकाला तिथेच हात लावायचा असतो.

सोनोग्राफी, एक्सरे, सीटी, एमआरआय

टाळू उघडी असेल तर तिचा हा एक फायदा, तिथून सोनोग्राफी होते. भूल नाही, काही नाही, जेल लावून मांडीवर. व्हेंट्रिकल मोठे आहेत का एवढं दिसतं. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या सगळ्यांकडे त्यासाठीचा छोटा प्रोब किंवा सवय असतेच असं नाही, तेव्हा जाण्याआधी नुसतं सोनोग्राफी होते का असं न विचारता टाळूतून मेंदूची करता का असं विचारा.

एक्सरेत कवटी दिसते, मेंदू नाही. कोणी नुसत्या एक्सरेवरून डोक्यात पाणी झालंय म्हणून औषधं चालू केली तर दुसरं मत घ्या.

सीटी झटपट होते, हाडं छान दिसतात, व्हेंट्रिकल दिसतात, भूल कमी वेळ लागते. पण मागच्या बाजूला, लहान मेंदूपाशी, जाड हाडांमुळे चित्र बिघडतं. एमआरआयला अर्धा-पाऊण तास किंवा जास्त, पूर्ण भूल, आणि पैसे कितीतरी जास्त, पण लहान मेंदू, कियारी, वळ्या, गाठी, सूज हे सगळं त्यातच नीट दिसतं. म्हणून पैसे एकदाच घालायचे असतील आणि शंका मागच्या भागाची असेल तर सीटीवर थांबू नका असं माझं मत.

ठाण्याहून कुठे जायचं हे रेफर करणारे डॉक्टरच सांगतील. परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासूनचं आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, आणि खाजगी सेंटर्स आहेत. नवी मुंबईवाल्यांनी वाशीचा पूल धरा, आम्ही माजिवड्याहून सकाळी सातच्या आत ईस्टर्न एक्सप्रेसला लागलो होतो. निघण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी: मशीन सध्या चालू आहे का, भूल द्यायला वेगळे डॉक्टर असतात का, एवढ्या छोट्या वजनाचं पिल्लू घेता का, रिपोर्ट कोण वाचतं.

उपाशी किती वेळ ठेवायचं हे तर नक्की विचारा. मोठ्या कुत्र्याला सांगतात तसं रात्रीपासून उपाशी ठेवलं तर दीड किलोच्या पिल्लाची शुगर मशीनच्या दारातच घसरेल. फिटच्या गोळ्या सकाळी द्यायच्या की नाही तेही विचारा, मनाने चुकवू नका. मेंदूत प्रेशर असण्याची शक्यता आहे हे भुलेच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी. मानेतून किंवा पाठीतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासायचं असेल तर ते स्कॅन बघून मग, कारण आत प्रेशर जास्त असताना ते काढलं तर मेंदू खाली सरकून जीवावर बेतू शकतं. मानेत मायक्रोचिप असेल तर आधी सांगा, तिच्या आजूबाजूचं चित्र खराब येतं. पट्टा, घुंगरू, मेटलची कडी असलेला हार्नेस घरीच काढा.

आणि परत येताना नुसती फिल्म आणू नका, मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या न्यूरोवाल्यांना दाखवायची वेळ आली तर फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो काही कामाचा नसतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

व्हेंट्रिक्युलोमेगाली हा शब्द दिसला की लोकांचा धीर सुटतो. त्याचा अर्थ एवढाच की पोकळ्या मोठ्या आहेत. छोट्या आणि चपट्या नाकाच्या कित्येक कुत्र्यांमध्ये त्या मोठ्या, अगदी एक लहान एक मोठी, असतात आणि त्यांना आयुष्यात काहीही होत नाही. पोकळी किती मोठी आणि कुत्रा किती आजारी यांचा सरळ हिशोब बसत नाही. त्यामुळे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारायचं ते हे, की स्कॅनमध्ये जे दिसतंय त्याने माझ्या कुत्र्याची जी लक्षणं आहेत ती समजतात का? बाजू जुळते का? पोकळीच्या भोवती सूज दिसतेय का, म्हणजे आत्ता प्रेशर आहे का, की जुनं शांत झालेलं आहे? पाणी अडतंय ते कुठे? आणि सोबत दुसरं काही, गाठ, सूज, इन्फेक्शन, दिसतंय का?

चिकूच्या बाबतीत डावी पोकळी मोठी निघाली, कागदावरच्या गोलाच्या जागी. बाजू जुळली. बाइल ऍसिड नॉर्मल आल्यावर डॉक्टर का खूष झाले नव्हते ते मला त्या दिवशी कळलं, कारण शंट असता तर कापून जोडून काहीतरी करता आलं असतं.

औषधांचं थोडक्यात. प्रेशर कमी करायला प्रेडनिसोलोन, ओमेप्राझोल अशी औषधं देतात, फिट्सना फिनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासिटाम. फिनोबार्बिटोन बारा तासांनी, लेव्हेटिरासिटाम साधारण आठ तासांनी, म्हणजे ऑफिसवाल्यांची पंचाईत, आमच्याकडे दुपारचा डोस वॉचमनकाकांची बायको देते. कुठलंही औषध अचानक बंद करायचं नाही, फिटचं तर अजिबातच नाही, गावाला जाताना दोन पट्ट्या जास्त घ्या. माणसांचं गोड सिरप केमिस्टने दिलं तर झायलिटॉल आहे का वाचा, ते कुत्र्यांना विष आहे. औषधांनी भागत नसेल तर मेंदूतून पोटात नळी टाकायचं ऑपरेशन असतं, ती नळी चोक होऊ शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, तेव्हा ज्यांनी आधी केलेलं आहे त्यांच्याशीच बोला.

घरात गळ्यात पट्टा नाही, फक्त हार्नेस. वॉशिंग मशीनच्या मागे लाकडी फळी ठोकली. गणपतीत आणि दिवाळीत आतल्या खोलीत, पंखा फुल, कारण ढोल-ताशा रस्त्यावर आला की त्याचं सगळं बिघडतं. नसबंदी केली. शी-शू अजूनही दहातली सहा वेळा मॅटवर होते, बाकीच्या चार वेळा आम्ही पुसतो.

रिपोर्ट मी ब्रीडरला पाठवला होता. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. भावंडाचा पत्ता शेवटी लस टोचणाऱ्या कंपाउंडरकडून निरोपानिरोपी करत लागला, कळव्याला एका घरी चिकूचा भाऊ आहे. मागच्या महिन्यात त्या ताईंचा फोन आला, म्हणाल्या आमचा पण हल्ली भिंतीकडे तोंड करून उभा राहतो हो, एमआरआय कुठे केलात तुम्ही? मी म्हटलं ते सांगते, पण आधी मला सांगा, जेवल्यानंतर होतं की उपाशी असताना?